चित्रपुस्तकातली उडती म्हैस : पोरांच्या हातात द्यायची की नाही?

येळ्ळूरचे गुरुजी
नातवाच्या शाळेत वाचनकोपरा केलाय म्हणून बघायला गेलो. दोरीला पुस्तकं टांगलेली. त्यातलं एक काढून चाळलं. म्हैस छत्री धरून उडतेय, मासा सायकल मारतोय, चंद्र कुणीतरी खुंटीला अडकवलाय, आणि शेवटच्या पानावर सगळे मिळून चहाच्या कपात झोपलेत. गोष्ट म्हणाल तर नाहीच. मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी खरी म्हैस कळू दे. आपल्या इंदिरा संतांच्या 'गवतफुला'त मुलगा पतंग विसरून गवताचं एवढंसं फूल बघत उभा राहतो. असं बघायला शिकवा. दुसरीत जाईपर्यंत मुलांना जे आहे तेच दाखवावं. चित्रकाराला काही सुचलं नाही की तो असलं काढतो आणि आपण त्याला कल्पनाशक्ती म्हणतो.

टिळकवाडीची मावशी
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण शेवटचं वाक्य मला गिळवत नाही. माझ्या पडवीत शनिवारी गल्लीतली पोरं पुस्तकं वाचायला येतात, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांनी बघते.

पहिली गोष्ट. मासा सायकल मारतोय याचं हसू कुणाला येतं? ज्याला मासा पाण्यात असतो हे पक्कं ठाऊक आहे त्यालाच. ज्याला ते ठाऊक नाही ते मूल नुसतं बघत राहतं. रशियन बालकवी कोर्नेई चुकोव्स्कीने 'दोन ते पाच' या पुस्तकात आपल्या लेकीची हकीकत दिली आहे. अजून दोन वर्षांचीही नव्हती. एक दिवस बापापाशी येऊन म्हणाली, कुत्रा म्याव करतो, आणि हसायला लागली. कुत्रा भुंकतो हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं, तेव्हाच तिला ते उलटं करून बघायची हिंमत झाली. उलटंपालटं बोलून मूल सुलटं पक्कं करतं, असं त्याचं म्हणणं. आणि तुमची तक्रारही नवी नाही बरं का. त्याची मगरीवरची कविता मुलांना देऊ नये असं लेनिनच्या पत्नी क्रुपस्काया यांनी १९२८ साली 'प्रावदा' या वर्तमानपत्रात लिहिलं होतं. ती कविता आजही वाचतात.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे हे कुणी बाहेरून आणलं का? मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते. ज्ञानेश्वरांनी काट्याच्या टोकावर तीन गावं वसवली. आणि घाट न उतरता इथंच बघायचं तर शिशुनाळचे कानडी संतकवी शरीफसाहेब आहेत, १८१९ ते १८८९. 'कोडगन्न कोळि नुंगित्त' : कोंबडीने माकड गिळलं, शेळीने हत्ती गिळला, भिंतीने चुना गिळला. बेळगावात ज्याच्या घरी रेडिओ होता त्याने ते ऐकलेलं आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आपण सगळ्यांनी ऐकली. तेव्हा कुणाच्या आजीने भोपळ्याचं माप काढलं नाही.

तिसरी गोष्ट, चित्राची. चांगला चित्रकार जगाचा एकच नियम मोडतो आणि बाकीचे सगळे कसोशीने पाळतो. बंगाली कवी सुकुमार राय यांचं निरर्थक कवितांचं पुस्तक 'आबोल ताबोल' १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी आलं. चित्रं त्यांचीच. त्यात बदक आणि साळिंदर जोडून एक प्राणी केलाय, हत्ती आणि देवमासा जोडून दुसरा. प्राणी अशक्य, पण आपल्या पायांवर नीट उभा. गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला जाऊन आले आणि तिथलं बिग बेन घड्याळ त्यांनी कोंबडा म्हणून काढलं, कारण वेळ सांगायचं काम त्यांच्या गावात कोंबडा करतो. याला 'काही सुचलं नाही' म्हणायचं? यात घड्याळापेक्षा जास्त विचार आहे.

आणि 'गवतफुला' तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुढे तोच मुलगा त्या फुलाहूनही लहान व्हायचं म्हणतो, शाळा-घर विसरून. एवढं जवळून बघितल्यावरच त्याला ते सुचलं. इंदिराबाईंनी त्याला, असं होत नसतं, म्हणून थांबवलं नाही.

निपाणीकर बाप
मुक्ताबाईंना यात ओढू नका. ती मुंगी अध्यात्माची आहे, बालवाडीची नाही. अर्थ आहे म्हणून ते टिकलं. शरीफांचंही तेच, गुरूच्या पायाशी जाऊन थांबतं ते. तुमच्या माशाला कुठला अर्थ आहे?

आणि संशोधनाचंच म्हणाल तर २०१४ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या पॅट्रिशिया गनिया आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे वागले-बोलले, ती वाचलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यांची माहिती कमी उचलली, आणि माणसाचे गुण खऱ्या प्राण्यांना जास्त लावले.

पण संशोधन राहू द्या, माझ्या घरातलं सांगतो. कुणीतरी धाकटीला वाढदिवसाला एक पुस्तक दिलं. फार कलात्मक म्हणे. त्यात एका बाईला डोळे नाहीत, डोळ्यांच्या जागी दोन खिडक्या, आणि एका खिडकीचा पडदा हलतोय. पोरगी त्या पानानंतर आमच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड करून झोपेना. पडदा काढला तरी झोपेना. शेवटी पुस्तक बायकोने माळ्यावर टाकलं, तेव्हा ती विचारते, वर ते बघत असेल का? तुम्ही पडवीत शनिवारी तासभर पुस्तक दाखवता. रात्री दोन वाजता मांडीवर घेऊन बसायला आम्ही असतो.

टिळकवाडीची मावशी
त्या अभ्यासातली पुस्तकं माहिती देण्यासाठी होती. माहितीच्या पुस्तकात प्राण्याला कपडे घालू नयेत, इथपर्यंत मान्य. उडत्या म्हशीकडून जीवशास्त्र शिकवायचं कुणी म्हटलं?

खिडक्यांच्या डोळ्यांबद्दल एवढंच, की भीती वाटते म्हणजे चित्र वाईट असं होत नाही. अमेरिकेत मॉरिस सेंडॅकचं राक्षसांचं पुस्तक १९६३ ला आलं तेव्हाही मोठ्यांना वाटलं पोरं घाबरतील. पुढच्या वर्षी त्याला तिथला चित्रपुस्तकांचा सर्वांत मोठा मान मिळाला. त्यातला मुलगा राक्षसांचा राजा होतो आणि घरी परत येतो, तेव्हा त्याचं जेवण गरम असतं. भीती आणि घर दोन्ही त्याच पुस्तकात आहे. तुमच्या लेकीच्या पुस्तकात परत येणं नसेल तर ती पुस्तकाची चूक. पण माळ्यावर टाकायच्या आधी तिच्याजवळ बसून त्या खिडकीतून आत काय दिसतं हे कुणी विचारलं का?

निपाणीकर बाप
मी बाप आहे, समीक्षक नाही. रडणाऱ्या पोरीला प्रश्न विचारत बसा म्हणता? असला सल्ला दुसऱ्याच्या पोराबाबतच सुचतो.

खानापूरची सेविका
भांडताय ते राहू दे, मी अंगणवाडीत काय बघितलं ते सांगते. असलंच पुस्तक आमच्याकडं पण आहे, मासा सायकलवर. पान उघडलं तर एक पोरगी लगेच, "बाई, मासा सायकल कसा मारूलाय? त्याला पाय कुठं हाईत?" दुसरा म्हणतो शेपटीनं मारूलाय. तिसरा, त्याच्या बापाचं सायकलचं दुकान आहे, तो चित्राला बोट लावून म्हणाला, "चेनच नाही हिला. कशी चालंल?" मग सगळी चित्राभोवती गोळा. चेन खरंच काढलेली नव्हती. एक पोर घरात कानडीच बोलतं, आमच्यात महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. ते म्हणालं, "मीनु नीरिगे होग्बेकु", मासा पाण्यात गेला पाहिजे. मग खडूनं जमिनीवर मलप्रभा काढली आणि माशाला सायकलसकट नदीत सोडला. सगळ्यांनी मिळून.

म्हशीचं आणि खरं शिकायचं म्हणाल तर आमच्या पोरांना म्हैस पुस्तकातनं शिकायची गरज नाही. सकाळी शेण काढून येतात. त्यांना गोठ्यात न दिसणारी म्हैसच पुस्तकात बघायची असते.

शहापूर गल्ली
सगळे शहाणे छत्रीवर अडकलेत. माझा प्रश्न आधीचा आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या वाचनकोपऱ्यात मराठी चित्रपुस्तकं आहेत किती? माझ्या पोराच्या शाळेत दोरीवर कानडी आणि इंग्रजीची रांग, मराठीची एका टोकाला चार फाटकी. कोल्हापूर काय लांब आहे? शंभर-सव्वाशे किलोमीटर. तरी तिकडचं बालसाहित्य इकडे येईना. आपल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, पण मोठ्यांची चरित्रं आणि कादंबऱ्या. चित्रपुस्तक मागितलं की रंगवायची वही पुढे करतात. उडो म्हैस नाहीतर चालो, आधी मराठीतून उडो.

गोकाकचा वाचक
कानडीची रांग आहे याचं दुःख कसलं? माझी मुलं मराठी शाळेत आहेत आणि कानडी चित्रपुस्तकं आनंदाने वाचतात. जी. पी. राजरत्नम यांच्या कानडी गाण्यातलं कुत्र्याचं पिल्लू माणसाशी बोलतं, ते त्यांना पाठ आहे. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि ज्ञानपीठ कानडी कवितेला मिळालं. इथं राहायचं आणि कानडी पुस्तकाकडे परकं म्हणून बघायचं, याने नुकसान पोरांचंच.

शहापूर गल्ली
परकं कोण म्हणालं? शब्द तोंडात घालू नका. माझी आई कानडी घरातली. माझं म्हणणं चार फाटक्या पुस्तकांबद्दल आहे. १९५६ ला हा भाग कानडी राज्यात गेला तेव्हापासून आम्हाला हेच ऐकवलं जातं : मराठी मागितली की कानडीचा द्वेष केला. चार वर्षांच्या पोराला निरर्थक गाणं आईच्या बोलीत मिळालं पाहिजे, कारण तिथं मजा सगळी आवाजाची असते. 'आपडी थापडी गुळाची पापडी' दुसऱ्या भाषेत नेऊन बघा, पापडी उरते आणि गाणं जातं.

गोकाकचा वाचक
मग दोन्ही मागा. तुम्ही कानडी रांगेकडे बोट करून सुरुवात केलीत म्हणून बोललो.

शहापूर गल्ली
दोन्हीच मागतोय. नीट वाचलं असतंत तर उत्तर द्यायची वेळ आली नसती.

टिळकवाडीची मावशी
एक उपयोगाचं सांगते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रपुस्तकं फुकट आहेत, खुल्या परवान्यावर. मराठी आहेत, कानडीही आहेत. कितीतरी पुस्तकं दोन्ही भाषांत, चित्रं तीच. उतरवून छापता येतात. खानापूरच्या त्या कानडी पोराला आणि त्याच्या मित्रांना एकच मासा दोन्ही भाषांत दाखवता येईल.

येळ्ळूरचे गुरुजी
सगळं वाचलं. सेविकाबाईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. चेन नाही हे ज्या पोराच्या लक्षात आलं त्याने चित्र बघितलं, नुसतं पाहिलं नाही. एवढं मी मानतो. पण ते बाई शेजारी बसल्या म्हणून झालं. दोरीवर टांगून ठेवलेल्या पुस्तकाजवळ कोण बसतं? आमच्या काळी रशियातून आलेली जाड कागदाची पुस्तकं होती. त्यात अस्वल स्वयंपाक करायचं, त्यालाही मी कधी हरकत घेतली नाही, कारण ते अस्वल अस्वलासारखं दिसायचं.

आता माझी खरी चीड ऐका. गेल्या यात्रेत नातवाला एक स्वस्तातलं पुस्तक घेतलं. चित्रं सगळी संगणकाने केलेली. एका पानावर आजीच्या हाताला सहा बोटं, पुढच्या पानावर चार. गाईचं मागचं पाऊल उलटं, घोड्याचा लगाम त्याच्याच मानेत शिरलेला. नातू विचारतो, आजोबा, ही आजी कशी काय? मला उत्तर देता येईना, कारण ते कुणी ठरवून केलेलंच नव्हतं. मावशी, तुमच्या नियमात हे कुठं बसतं?

टिळकवाडीची मावशी
कुठंच बसत नाही, गुरुजी. सहा बोटं काढायची तर कुणाला तरी सहावं बोट हवं असलं पाहिजे. सहाव्या बोटाने ती आजी काय करते, अंगठी कुठल्या बोटात घालते, हे चित्रकाराला सांगता आलं पाहिजे. तुमच्या त्या पुस्तकात विचारायला माणूसच नाही. पोराचा प्रश्न वाया जातो, आणि त्याला वाटतं चुकलं आपलंच. असली पुस्तकं दोरीवर नकोत, यात मी तुमच्या बाजूला आहे. फक्त त्या ढिगात छत्रीवाली म्हैस टाकू नका. तिने छत्री शिंगात अडकवलीय की खुरात धरलीय, हे तुम्ही बघितलंत का?

येळ्ळूरचे गुरुजी
शिंगात. आणि शेपटी पायात घेतलेली, भ्यायलेली म्हैस घेते तशी. चित्रकाराने म्हैस बघितलेली आहे, हे नाकारत नाही. दुसरीपासून द्या. बालवाडीत नको, माझं मत तेच.

खानापूरची सेविका
बालवाडीत आधीच गेलंय गुरुजी, आता परत कुठं घेऊ! मावशी, ती फुकटची पुस्तकं रंगीत छापायला बेळगावात कुठं स्वस्त पडेल? काळ्या-पांढऱ्यात पोरं बघत नाहीत.

शहापूर गल्ली
खडेबाजारात माझ्या ओळखीचा छापखाना आहे. यादी द्या, दर काढून आणतो. मराठी आणि कानडी सारख्याच प्रती काढू. गोकाकवाले, ऐकलंत ना?

गोकाकचा वाचक
ऐकलं. कानडी प्रतींचे पैसे माझ्याकडून.

निपाणीकर बाप
छापा. मीही पैसे देतो. पण यादीत कुठल्याही तोंडाला डोळ्यांच्या जागी दुसरं काही नको.

टिळकवाडीची मावशी
पैसे घेईन. ती अट घेणार नाही.