निरगुडीच्या फोकांपासून बाणाच्या काड्या : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहतो. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते, तेही झुडपाच्या सरळ फोकांचे. हे वाचल्यापासून स्वतः काड्या करायचं मनात घेतलंय.

येऊरला फोक भरपूर, पण ते राष्ट्रीय उद्यान, तिथे कोयता लावायचाच नाही. म्हणून मुरबाडजवळच्या मामांच्या बांधावरून निरगुडीचे करंगळीएवढे जाड २० फोक आणले. घाईघाईत साल सोलून गॅलरीत उन्हात ठेवले, हीच चूक झाली बहुतेक. चौथ्या दिवशी टोकांना केसासारख्या चिरा दिसल्या, आता त्या बोटभर आत गेल्यात. चांगले राहिलेले पाच-सहा शेगडीवर शेकून, गुडघ्यावर दाबून सरळ केले. रात्री अगदी सुतासारखे, सकाळी बाक पुन्हा जिथल्या तिथे! आत ओल असणार.

पुढच्या खेपेला साल ठेवून, घट्ट जुडी बांधून सावलीत वाळवू का? खाडीकाठच्या या दमट हवेत किती महिने लागतील? टोकांना मेण लावल्यावर चिरा थांबतात का? आणि सगळ्या काड्यांची लवचिकता सारखी आहे हे घरच्या घरी कसं तपासता? ज्यांनी हे स्वतःच्या हातांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, फोटो असतील तर फारच उत्तम.