मूव्हर्स म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : एका अमेरिकी कथेचा अनुवाद करते आहे. त्यात 'द मूव्हर्स आर कमिंग ॲट एट' असं वाक्य आहे. कोशात 'हलवणारा' आणि 'प्रस्तावक' हे अर्थ मिळाले. दोन्ही बसत नाहीत. 'स्थलांतरकर्मी' चालेल का?

उत्तर : प्रस्तावक म्हणजे सभेत ठराव मांडणारा, तो इथे नको. इथले मूव्हर्स म्हणजे घर बदलताना सामान बांधून, उचलून नव्या जागी लावून देणारी माणसं. कधी त्यांची कंपनीसुद्धा. या अर्थानं शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. ब्रिटनमध्ये याच लोकांना 'रिमूव्हल मेन' म्हणतात. आपल्याकडे 'पॅकर्स अँड मूव्हर्स' ही जोडी रुळली आहे, पण तिच्यातून डोळ्यांपुढे दुकानाची पाटी येते, माणसं येत नाहीत.

'स्थलांतरकर्मी' कृपया नको. स्थलांतर दुष्काळात होतं, धरणग्रस्तांचं होतं. घर बदलताना बिऱ्हाड हलवतात. आणि बोलताना आपण माणसांचं नाव घेतच नाही, 'आठ वाजता टेम्पो येणार आहे' म्हणतो. (टेम्पो हाही मुळात जर्मन कंपनीच्या गाड्यांचा ब्रँड, पुण्यातल्या बजाज टेम्पोमुळे तो आपल्या घरचा झाला.) तुमच्या वाक्याला 'आठला सामान न्यायला माणसं येणार आहेत' हे चपखल बसेल.

आणखी एक मत : 'हमाल' का टाळायचा? गोदरेजचं कपाट अरुंद जिन्यावरून उतरवताना एक जण खाली पाठ लावतो, दुसरा वरून दोर धरतो आणि 'टेकव, टेकव, आता डावीकडं' असं चालू असतं. ते कसबाचं काम आहे. बाबा आढावांनी पुण्यात उभ्या केलेल्या संघटनेचं नावच हमाल पंचायत आहे. १९६९च्या माथाडी कायद्याच्या पूर्ण नावातही 'हमाल' आहे.

उत्तर : शब्द मानाचाच आहे, मान्य. अडचण अर्थाची आहे. हमाल ओझं वाहतो. काचेची भांडी कागदात गुंडाळणं, पलंग खोलून पुन्हा जोडणं यात येत नाही. माथाडी म्हटलं की बाजार समिती, गोदाम, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आठवते. कथेतली माणसं खोकी भरतानाही दिसत असतील तर 'सामान हलवणारे' ठेवा. नुसती चढ-उतार असेल तर 'हमाल' बिनधास्त लिहा.