शाळेसाठी सत्तरीत येताय? मग चौथीनंतरचंही बोला

म्हादईकाठचा

गेल्या आठवड्यात पणजीजवळच्या पर्वरीच्या एका ताईंनी इथे लिहिलं होतं की मुलीच्या शाळेसाठी त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या अलीकडे एका गावात घर घेतलं. वर्गात मोजकी मुलं, फी नाही, बाई प्रत्येकाला घरच्या नावाने हाक मारतात, शाळेमागे नदी. इथपर्यंत मला काही म्हणायचं नव्हतं. पण शेवटी त्यांनी लिहिलं की गावच्या लोकांना आपल्याकडे काय आहे याची किंमत नाही, म्हणून ते मुलांना व्हॅनमध्ये कोंबून इंग्रजी शाळांत धाडतात. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वर्गात मुलं मोजकी आहेत ती कुणी ठरवून ठेवलेली नाहीत. उरलीच तेवढी. आमच्या वाड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ असते. रेघेच्या डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे चौथीचा भागाकार, आणि पहिलीची दोघं खाली बसून पाटी गिरवत असतात. बाई एकट्या. बचत गटाची पाव-भाजी आली की मोजून घ्या, वहीत सही करा, वाढा. बाईंना वाळपईला बैठकीला बोलावलं की त्या दिवशी शिकवणं बंद. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. आमच्या वाड्यावर दुसरा शिक्षक आलेला नाही.

आणि किंमत नाही कुणाला? गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यातलीच ही एक. माझे वडील घरात पहिले शिकलेले, ते इथेच. ही शाळा टिकावी म्हणून आम्ही छपरावर चढून कौलं बदललीत. तरीही माझा मुलगा व्हॅनने इंग्रजी शाळेत जातो, कारण इथे ठेवला असता तर दुसरीत तो एकटा बसला असता. एकट्या मुलाने खेळायचं कुणाशी?

तुम्ही चौथीपर्यंत राहाल. पुढे पर्वरीचा भाडेकरू उठवाल आणि परत जाल. आम्हाला तसा फ्लॅट नाही.

पर्वरीहून_सत्तरी

ते लिहिणारी मीच. वाक्य टोचलं असेल, पण मी ते मागे घेत नाही. आमच्या गावात सकाळी व्हॅन येते तेव्हा शाळेच्या दारासमोरून मुलं उचलते. रोज बघते मी.

पर्वरीत माझ्या मुलीच्या वर्गात चाळीसच्या वर मुलं होती. पहिलीत शिकवणी लावा असा निरोप शाळेतून आला. महामार्गावर उड्डाणमार्गाचं काम सुरू झाल्यापासून बसमध्येच तिचा जीव जायचा, घरी आली की दप्तर न काढता झोपायची. इथे आल्यावर ती वाचायला लागली. चौथीतली एक मुलगी तिला शेजारी बसवून वाचून दाखवते आणि अडली की थांबून विचारते, हे अक्षर कुठलं. पर्वरीत तिला एवढा वेळ कुणी दिला होता?

तुमच्या शाळेत एक मूल वाढलं तर तुमचं बिघडलं काय?

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

बिघडलं काहीच नाही, उलट झालं तर बरंच. मी सगळी नोकरी सरकारी प्राथमिक शाळांत काढली. पट हा शाळेचा श्वास असतो. एक मूल आलं की भागशिक्षणाधिकाऱ्यांसमोर शाळा बंद करण्याचा विषय एक वर्ष पुढे जातो. ते मूल पर्वरीचं आहे की पैंगिणचं, हजेरीपट विचारत नाही.

म्हादईकाठच्या भावाला एवढंच सांगतो की एका खोलीत चार वर्ग म्हणजे सगळं वाईट असं नाही. ताईंनी वर लिहिलंय ना, चौथीची मुलगी दुसरीच्या मुलीला वाचायला शिकवते, ते आम्ही मुद्दाम करायचो. चौथीच्या मुलाला पहिलीला शिकवायला बसवलं की त्याचं स्वतःचं पक्कं होतं. मात्र त्यासाठी दोन शिक्षक लागतात. एकटी बाई जनगणना, मतदार यादी आणि पोषण आहार सांभाळून हे करू शकत नाही, कुणी करते म्हणालं तर मी मानणार नाही.

फोंड्याचा_बाब

सगळे फांद्या तोडताहेत, मुळाला कुणी हात लावत नाही. १९९० चं धोरण काय होतं? प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठीला. २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजीला दार उघडलं. आंदोलनं झाली, पणजी दणाणली. २०१२ ला सरकार बदललं, पर्रीकर आले, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. त्याच दिवशी प्रत्येक आईबापाला कळलं की सरकारचाच मातृभाषेवर विश्वास नाही. मग सत्तरीच्या शाळा ओस पडल्या तर ओरडता कशाला? आधी माध्यमाचं बोला!

काणकोणकार

मातृभाषा म्हणता आणि शाळा मराठी. घरात आई कोकणीतून हाक मारते, त्याचं काय?

फोंड्याचा_बाब

१९८७ चा राजभाषा कायदा वाचा. मराठीलाही तिथे जागा आहे. माझ्या आजीने ओव्या मराठीत म्हटल्या, भजनं मराठीत म्हटली. ती काय परक्या भाषेत रडली?

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

दोघांनीही थांबा. हा वाद मी १९८५ पासून ऐकतोय. पहिलीचं पोर कोकणीत विचारतं, मी मराठीत फळ्यावर लिहितो, दोघांचं अडत नाही. विषय शाळेचा आहे.

केरी-सत्तरी

विषय शाळेचा आहे ना, मग खरं काय ते मी सांगतो. ही माणसं नदी बघायला येत नाहीत. नवोदयसाठी येतात. उत्तर गोव्याचं जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, वाळपईला आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. बारावीपर्यंत राहणं-जेवण, सीबीएसई. तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत काढली की शहरातलं मूलही कागदावर ग्रामीण होतं. आईबाप दोघे शिकलेले, घरात पुस्तकं, सुट्टीत म्हापशाला क्लास. त्याच्यासमोर काजूच्या मोसमात पहाटे बोंडू वेचून शाळेत येणारं माझं पोर प्रवेश परीक्षेला बसणार आणि निवड एकाच यादीतून होणार. ही आमच्या ताटातली भाकरी आहे.

पर्वरीहून_सत्तरी

माझी मुलगी दुसरीत आहे. तिला सहावीला वसतिगृहात ठेवायचं असतं तर तिच्यासोबत राहण्यासाठी घर कशाला बदललं असतं? नवरा रोज पणजीपर्यंत गाडी हाकतो. न ओळखता आरोप करू नका. आणि पर्वरीतही पंचायतच आहे, तेही ग्रामीणच ना? मग इथे येऊन मी काय मिळवलं?

केरी-सत्तरी

नाही, पर्वरी ग्रामीण नाही. नवोदयला पंचायत चालत नाही, जनगणना चालते. २०११ ला पर्वरीचा भाग शहरी धरलाय. अख्ख्या गोव्याचे ६२ टक्के लोक त्या मोजणीत शहरी आहेत. म्हणून तर खऱ्या खेड्यांत गर्दी होते. तुम्ही आला नसाल, तुमचं वाचून दुसरे येतील.

माशेलची_माई

भाऊ, आवाज खाली. एका बाईने लेकरासाठी घर बदललं तर लगेच चोर? माझ्या बहिणीची मुलगी नवोदयला होती. तिच्या वर्गात शिक्षकांची मुलं होती, शेतकऱ्यांची होती, ट्रक चालवणाऱ्यांचीही होती. परीक्षा देऊन गेली सगळी.

केरी-सत्तरी

चोर म्हटलं नाही मी. पण परीक्षा एकदाच देता येते, माई. नापास झालेल्या पोराला पुढच्या वर्षी परत बसवत नाहीत. आमच्या भावकीतला पोरगा राहिला, दोन दिवस जेवला नाही. खाणी २०१२ ला बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, त्याच्या बापाकडे दुसरा रस्ता नव्हता. एक जागा म्हणजे काय हे तुम्हाला माशेलला बसून कळणार नाही.

वाळपईची

मी एवढा वेळ वाचतेय. केरीच्या भावाचा राग खरा आहे, पण चुकीच्या माणसावर निघतोय.

माझा मुलगा वाड्यावरच्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत शिकला. गोव्यात प्राथमिक चौथीलाच संपते. पाचवीला हायस्कूल. आमच्याकडून सगळी मुलं वाळपईच्या हायस्कूलला जातात, बस तिथलीच आहे. वाळपईला नगरपालिका आहे, म्हणजे शहर. नवोदयचा अर्ज भरायला बसलो तेव्हा नियम वाचला: तिसरी, चौथी, पाचवी यांतला एक दिवसही शहरी शाळेत गेला तर ग्रामीण जागा नाही. माझं पोर जन्मल्यापासून शेणाने सारवलेल्या अंगणात वाढलं, आणि अर्जावर ते शहरी. पाचवीच्या प्रवेशावेळी कुणीही आम्हाला हे सांगितलं नव्हतं. साखळीच्या हायस्कूलला जाणाऱ्यांचंही असंच, तिथेही नगरपालिका.

सत्तरीतली किती मुलं अशी गळतात ते विचारा. पर्वरीहून आलेल्या एका कुटुंबाने घालवल्या त्याच्या कितीतरी पट जागा पाचवीने घालवल्या असतील.

केरी-सत्तरी

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीची पाचवी पुढच्या वर्षी. केरीला हायस्कूल आहे म्हणून आमचं निभेल. पण वरच्या वाड्यांवरच्यांचं काय…

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

वाळपईच्या बाईंनी नेमकं ठिकाण दाखवलं. नव्या शैक्षणिक धोरणात तिसरी, चौथी, पाचवी हा एकच टप्पा धरलाय. म्हणजे पाचवी प्राथमिकला जोडावी असाच सरकारच्या कागदाचा अर्थ होतो. ती गावात जोडली तर मूल आणखी एक वर्ष घराजवळ राहतं, दहाव्या वर्षी कदंबाच्या बसमध्ये उभं राहून जात नाही, आणि ग्रामीण जागाही जात नाही. पंचायतीने ठराव घेऊन शिक्षण खात्याकडे मागावं.

म्हादईकाठचा

मास्तर, तुमचा मान राखून विचारतो. एका बाईंकडे चार वर्ग आहेत, तिथे पाचवा द्यायचा? पाचवीला विज्ञान, परिसर, इंग्रजी, गणित वेगळं. फळ्यावर आणखी एक रेघ मारायची का? कागदावर मूल ग्रामीण राहील आणि परीक्षेत पडेल.

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

दुसऱ्या शिक्षकाशिवाय पाचवी मागू नये, हे मान्य. आसपासच्या तीन-चार वाड्यांची पाचवी एका शाळेत करा आणि तिथे शिक्षक द्या. पट होईल, शिक्षक द्यावाच लागेल.

फोंड्याचा_बाब

आणि त्या पाचवीचं माध्यम कोणतं?

माशेलची_माई

देवा रे, परत तेच!

पेडण्याचा

माध्यम सोडा, घरांचं बोला. मोपा विमानतळ २०२३ ला सुरू झाला आणि आमच्याकडे भाड्यांचं काय झालं ते पेडण्यात येऊन बघा. आधी चारजण निवांतपणासाठी आले, मग दलाल आले. माझ्या चुलत भावाला लग्नानंतर स्वतःच्या गावात खोली मिळेना, तो आता डिचोलीला राहतो आणि त्याची मुलं तिथल्या शाळेत. म्हणजे आमच्या शाळेचा पट शाळेसाठी आलेल्यांनी वाढला की घर न मिळाल्याने गेलेल्यांनी घटला? ताई, तुमच्यावर राग नाही. पण "इथे या, स्वस्त आहे" असं चारचौघांत लिहू नका. स्वस्त आहे हे वाचायला सगळ्यात आधी दलाल येतो.

पर्वरीहून_सत्तरी

हे पटलं. घराचा मुद्दा मी यापुढे लिहिणार नाही.

पण म्हादईकाठच्या भाऊंनी एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. मी मुलगी आणली, तुमच्या दुसरीत आता तुमचा मुलगा एकटा पडला नसता. मग तो व्हॅनमध्ये का?

म्हादईकाठचा

उत्तर देतो. आमचं गाव आणि तुमचं गाव वेगळं आहे, आणि तुम्ही राहाल याची मला खात्री नाही. मधल्या वर्षी तुम्ही निघून गेलात तर मी त्याला तिसरीत कुठे नेऊ? २०२० साली ऑनलाइन वर्ग होते तेव्हा आमची मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर चढून प्लास्टिकखाली बसली, पावसात. मोबाइल टॉवर मागायला आम्ही गेलो. इंग्रजी शाळेत घातलेल्यांचे बापही आले होते. किंमत आहे म्हणूनच आले. गावात राहणं म्हणजे हे पण.

एवढं मान्य करतो की पट वाढला तर दुसरा शिक्षक मागायला आमचं तोंड मोठं होतं. दोन कुटुंबं एकत्र राहणार असं लेखी ठरलं तर पुढच्या जूनला मुलाला परत आणायचा विचार करीन. बायकोला विचारावं लागेल, ती तयार नाही.

वाळपईची

ठराव आणि शिक्षक दोन्ही एकाच अर्जात मागा. मी मजकूर लिहिते, मास्तरांनी तपासावा. तीन वाड्यांच्या पालक-शिक्षक संघांच्या सह्या घेऊ. ताई, तुम्ही सही करणार का? पाचवीपर्यंत राहणार असं त्यात लिहावं लागेल.

पर्वरीहून_सत्तरी

अर्जावर सही करते. पाचवीपर्यंत राहणार हे आज लिहून देत नाही, नवऱ्याची नोकरी पणजीत आहे. चौथीपर्यंत नक्की.

म्हादईकाठचा

बघा, आलो ना तिथेच.

वाळपईची

चौथीपर्यंत म्हणजे अजून दोन वर्षं आहेत भाऊ. तेवढ्यात शिक्षक आला तर त्या थांबतील, नाही आला तर तुम्हीही आणणार नाही. मजकूर रविवारी टाकते.

केरी-सत्तरी

केरीतून सह्या मी आणतो. नवोदयच्या जागांबद्दल माझं म्हणणं आहे तसंच आहे.