मालदीवला शिकवायला निघालेय, रविवारी शाळा असते म्हणे. कुणाला अनुभव आहे का?

शाहूपुरीची_टीचर

सगळ्यांना सलाम. मी कोल्हापूरची, वय ३६, नववी-दहावीला गणित शिकवते. नऊ वर्षं विनाअनुदानित तुकडीवर "या अधिवेशनात होतंय बघा मॅडम" ऐकत काढली. शेवटी मालदीवच्या सरकारी शाळेसाठी ऑनलाइन मुलाखत दिली आणि निवड झाली. तिथलं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत हजर व्हायचंय. नवरा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत, पोरगा तिसरीत. दोघं इथंच राहणार, सासूबाई आहेत म्हणून जमतंय.

अडचण वेगळीच आहे. आमचं घर चार पिढ्या वायल्डर चर्चच्या मंडळीतलं. ताप असेल तरच आमच्यात रविवार चुकतो. तिथं सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आठवड्याची पहिली घंटा, आणि चर्च म्हणाल तर नाहीच. पाळकसाहेब म्हणाले, बिनधास्त जा. पण आई म्हणते, "पैशापायी प्रभूचा दिवस विकतीस होय गं?" तेव्हापासून घास उतरत नाही. बायबल न्यावं का? पोरांनी धर्म विचारला तर काय सांगायचं? (इथं कपाळाला टिकली का नाही विचारतात, तिथं तेवढं तरी सुटेल.)

कागदपत्र_काका

ताई, आईचं नंतर बघू. पदवी आणि बी.एड., दोन्ही सर्टिफिकेटांचं अटेस्टेशन झालं का? आधी राज्याचं, मग परराष्ट्र खात्याचं. माझ्या मेहुणीचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जुळेना म्हणून दीड महिना गेला. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्टच्या साइटवरून आजच टाका.

बेटावरचा_मास्तर

ताई, सलाम. मी कोडोलीचा. मालदीवच्या एका बेटावर पाच वर्षं गणितच शिकवलं, २०१९ ला परत आलो. बेट एवढंसं, की शाळेतून चालत निघालं की दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूचा समुद्र.

आधी कायद्याचं, कारण त्यात चूक चालत नाही. तिथल्या २००८ च्या राज्यघटनेप्रमाणे मुसलमान असल्याशिवाय नागरिकत्वच नाही. आपण परदेशी, आपल्या खोलीत दार लावून प्रार्थना केली तर मला पाच वर्षांत कुणी हटकलं नाही. पण चार जण जमवून गाणी म्हणणं, शेजाऱ्याला बोलावणं, पोरांपुढं विषय काढणं, हे अजिबात नाही. दारू, डुक्कर आणि पूजेच्या मूर्ती कस्टमला चालत नाहीत. मी छापील बायबल नेलंच नाही, मोबाईलमध्ये ठेवलं. "उपासना संगीत" या आपल्या गीतपुस्तकाची लागतील तेवढी पानं फोटो काढून नेली. माझी बॅग उघडली ती भलत्याच कारणानं. आईनं कांदा-लसूण मसाल्याचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळला होता. साहेबानं झाकण काढून वास घेतला आणि चार शिंका दिल्या. पाचवी येण्याआधी "गो, गो".

आता रविवार. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. कोडोलीत नऊला उपासना सुरू व्हायची तेव्हा तिथं साडेआठ, माझा दुसरा तास, सातवी ब. पहिल्या रविवारी फळ्यावर अपूर्णांक लिहिताना हात थांबला. आत्ता पहिलं गीत उभं राहून म्हणत असतील, अण्णा नेहमीसारखे अर्धी ओळ पुढं पळत असतील, हे डोळ्यांपुढं आलं. खडू तसाच धरून उभा. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, छेद राहिला." छेद लिहिला, तास पुढं चालू. त्यानंतर मी शुक्रवार धरला. पोरं-माणसं दुपारच्या नमाजाला जायची, सगळं बेट गप्प व्हायचं, मी खोलीत बसून आदल्या रविवारचं रेकॉर्डिंग ऐकायचो. खोकल्यासकट.

पोरं विचारणार, नक्की विचारणार. तिथं इस्लाम हा शाळेत सक्तीचा विषय आहे, त्यांना वाटतं सगळं जग त्यातच पास होतं. मी एवढंच सांगायचो, "मी ख्रिस्ती आहे, चला, उदाहरण तेरा." खोटं बोलायचं नाही आणि लांबवायचंही नाही. याला भित्रेपणा म्हणणारे आपल्याच मंडळीत भेटतील, त्यांना एकदा तिथं पाठवा.

आणि आईला एक विचारा. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांना इथं चर्च तयार होतं का? त्यांनीही शाळाच काढल्या.

बाकी: पगार रुफियात मिळतो. डॉलरचा सरकारी दर साधारण १५.४२ रुफिया, पण बँकेकडं डॉलर असतील तेव्हा. घरी पैसे पाठवायचा हिशोब दोन महिने उशीर धरूनच मांडा. लहान बेटावर प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी. सकाळी मासहुनी, म्हणजे टूना, खोबरं, कांदा, मिरची कालवून रोटीबरोबर. पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं होतं, दुसऱ्या वर्षी त्याच्याशिवाय शाळेला जाववत नाही. पांढरा रस्सा मात्र विसरा.

मिरजेची_नात

माझे मोठे मामा सम्राट हैले सेलासीच्या काळात इथिओपियात मास्तर होते. देश आपल्याहून जुना ख्रिस्ती, चर्चच चर्च, तरी मामा पहिले काही महिने हरवल्यासारखेच. चप्पल काढून उपासना, बुधवार-शुक्रवार उपास, नाताळ ७ जानेवारीला. वर्ष सप्टेंबरच्या ११ ला सुरू, त्यामागोमाग शाळा. घड्याळ तर उजाडल्यापासून मोजायचं, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या दिवशी "दोनला या" म्हणाले, मामा दुपारी दोनला टाय बांधून हजर, शाळा सुटलेली! तिथं वर्षात पाच-सहा दिवसांचा एक तेरावा महिना असतो. मामांनी तो पत्रात लिहिला, तर आजी म्हणाली, "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच का?" तेव्हा चर्च आहे म्हणून करमतंच असं नाही, ताई.

शाहूपुरीची_टीचर

मास्तर, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वायल्डर साहेबांवर काही बोलली नाही. "छेद राहिला" पाशी मात्र पदर डोळ्याला लावला. मग तासाभरानं आतून विचारलं, "कुठल्या वारी रेकॉर्डिंग पाठवायचं म्हणाला गं तो मास्तर?" चर्चच्या तरुण संघातल्या एका पोराला तिनं आत्ताच फोन करून बजावलंय, मोबाईल पुढच्या बाकावर ठेव म्हणून. काका, नाव माझंही जुळत नाहीये, उद्या नोटरीकडं जाते. मास्तर, मसाला किती किलो नेऊ?

बेटावरचा_मास्तर

दोन न्या. एक किलो स्टाफरूममध्येच संपतो.