उपग्रह असताना फुगे कशाला?

महास्फोटातून उरलेलं, आकाशभर पसरलेलं मायक्रोवेव्ह प्रारण मोजायला "कोबे, डब्ल्यूमॅप, प्लँक हे उपग्रह असताना दुर्बिणी घेऊन फुगे उडवणं म्हणजे हौसच" असं एक मत वाचलं, ते काही पटलं नाही. कोबेची नजर साधारण 7 अंशांची. त्यापेक्षा बारीक ठिपके (प्रारणातले किंचित गरम-थंड भाग) त्याला दिसणंच शक्य नव्हतं आणि खरी गंमत तर 1 अंशाच्या आसपास होती.

ती पकडली बूमरँग या फुग्यावरच्या दुर्बिणीने. 1998च्या डिसेंबरअखेरीस अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळाजवळून हा फुगा सुटला, सुमारे 38 किमी उंचीवर गेला. तिथल्या उन्हाळ्यात वरचे वारे ध्रुवाभोवती गोल फिरतात, त्यामुळे दहाएक दिवसांत प्रदक्षिणा घालून स्वारी सुटली तिथेच जवळपास परत! आतले बोलोमीटर (प्रारणाची ऊब टिपणारे संवेदक) 0.3 केल्विनपर्यंत थंड केलेले आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे विणलेले. मायक्रोवेव्ह जाळीत अडकतात, वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) मात्र बहुतेक भोकांतून निघून जातात. मला हा भाग सगळ्यात आवडतो. 2000 साली निकाल आले: ठिपके सुमारे 1 अंशाचे, म्हणजे विश्वाची भूमिती जवळजवळ सपाट (समांतर रेषा समांतरच राहतात अशी). टेक्सासहून एकच रात्र उडालेल्या मॅक्सिमा या फुग्यानेही तेच सांगितलं. डब्ल्यूमॅप तेव्हा उडालाही नव्हता.

जमिनीवरच्या दुर्बिणींचा वैरी म्हणजे हवेतलं बाष्प, ते मायक्रोवेव्ह शोषून घेतं; म्हणून त्यांना कोरडी जागा लागते, दक्षिण ध्रुव नाहीतर चिलीतलं अटाकामा वाळवंट. या प्रारणाचं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनांना ठरावीक दिशा असणं) पहिल्यांदा सापडलं तेही दक्षिण ध्रुवावरच्या डासी या दुर्बिणीला, 2002 मध्ये.

उपग्रहांच्या बाजूने एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्याच बायसेप2 या दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणांचा गाजावाजा केला, तो एकाच वारंवारतेच्या जोरावर. प्लँककडे बऱ्याच वारंवारता होत्या, त्यातून त्या संकेतात आपल्याच आकाशगंगेची धूळ निघाली.