प्रतिसाद: 'पांजणी'चा शोध

'सकाळी सकाळी गल्लीत पांजणी लावली होती' या पुस्तकातल्या वाक्यात पांजणी म्हणजे काय, कोशात तर सापडत नाही, असं इथे विचारलंय. पांजणी म्हणजे पाणपोई, असं वर एकाने सुचवलंय. नाही हो! हा विणकरांचा शब्द आहे. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत गल्लीभर लांब ताणायचं, त्याला पिठाची पातळ खळ द्यायची आणि मोठा कुंचा एकाच दिशेने फिरवत सुटे तंतू बसवायचे, ही पांजणी. खळ नसेल तर विणताना मागाच्या फणीत घासून सूत तुटतं. आणि सकाळीच का? ऊन चढलं की खळ कुंचा फिरायच्या आत वाळते. सोलापूरचं ऊन, मग काय सांगायचं!

मलाही आधी कोशात सापडला नव्हता, कारण मी अनुस्वार न देता शोधत होतो. शेवटी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, एका म्हाताऱ्या विणकर आजोबांना विचारलं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी शब्दाने सांगितलंच नाही; नुसता हात लांब करून हवेत कुंचा फिरवून दाखवला, मग म्हणाले, "आता हे काम मशीन करतंय बघा."

पुस्तकात पुढच्या पानावर 'धोटा' आला असेल तर ते मागावर आडवं सूत नेणारं साधन. तो शब्द मात्र कोशात सरळ मिळेल.