क्रॉसिंगला थांबलेली गाडी : कोकण रेल्वे आणि माथेरानची राणी, तुमचे अनुभव

परवा दिवा–सावंतवाडी पॅसेंजर विलवड्याला पाऊण तास थांबली. रोह्यापासून वीरपर्यंत २०२१ मध्ये दुहेरी मार्ग झाला, पण त्यापुढे अजून बहुतेक सगळा एकेरीच. समोरून एक्सप्रेस येणार असली की पॅसेंजरने बाजूच्या रुळावर जाऊन वाट द्यायची. लोक खाली उतरले. कुणी नळावर बाटल्या भरल्या. एका आजोबांनी फलाटाच्या कडेला पहिल्या पावसावर उगवलेला टाकळा खुडून पंच्यात बांधला, शेंडे तेवढे, मुळं जागेवर ठेवून. मग रूळ वाजायला लागले, समोरच्या वळणातून दिवा दिसला आणि एक्सप्रेस पाणी उडवत निघून गेली. तिच्यातल्या किती जणांनी विलवडे हे नाव वाचलं असेल?

मला ही लाइन अशा थांबण्यांतूनच कळली. मी कणकवलीचा. लहानपणी मुंबईहून गावी जायचं म्हणजे रात्रभर एसटी, घाटात उलट्या आणि पहाटे धुक्यात कुठेतरी चहा. गाडी सुरू झाली तेव्हा आजी संध्याकाळी मागच्या दारी येऊन उभी राहायची. दूर भोंगा वाजला की हातातलं काम टाकून म्हणायची, "इली रे गाडी!" त्या गाडीतून कुणी येणार असो वा नसो, चुलीवर जास्तीचा चहा चढायचा.

एक्सप्रेसच्या खिडकीतले फोटो सगळ्यांकडे आहेत. या लाइनीवर तुम्ही जिथे थांबलात, चाललात, काम केलंत, तिथलं सांगा. नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीचंही हवं आहे. तेही आपल्या रायगडातलंच, आणि तिथलं कोळशाचं इंजिन पाहिलेली माणसं आता सत्तरीकडे आली आहेत. त्यांनी जरूर लिहावं.

निवृत्त शिक्षिका, राजापूर तालुका

माझे वडील रेल्वेच्या सभांना जायचे. बॅ. नाथ पै यांनी कोकण रेल्वेचा प्रश्न लोकसभेत लावून धरला, त्यांच्यानंतर मधु दंडवत्यांनी. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचं काम उभं राहिलं. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. हे सगळं वडिलांना तोंडपाठ होतं.

पण आखणी झाली ती आमच्या बागेतून. अकरा कलमं जाणार होती. मोजणीवाल्यांनी एकेका खोडावर चुन्याने आकडे घातले. त्या रात्री वडील कंदील घेऊन बागेत गेले आणि प्रत्येक झाडाला हात लावून आले. आईने विचारलं, तर म्हणाले, "हापूस पुन्हा लावता येईल, रेल्वे पुन्हा येणार नाही." पैसे मिळाले, नवी कलमं लावलीही. पहिली गाडी गेली त्या दिवशी त्यांनी कुंपणाशी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पाठ फिरवून बराच वेळ उभे राहिले. मी तेव्हा पस्तिशीची होते, तरी काय बोलावं ते सुचलं नाही.

आमच्या राजापूरहून स्टेशन लांब आहे, रिक्षाला बरेच पैसे पडतात. ती तक्रार मी करते आणि करत राहीन. पण गाडीबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

दोन मुलांची आई, चिपळूण

आमचं एवढंसंच. उक्षी सोडून दक्षिणेकडे निघालं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत रेल्वेचा देशातला सगळ्यांत लांब बोगदा हाच होता. आत शिरलो की मुलं आकडे मोजायला लागतात. धाकटी दोनशेच्या पुढे झोपी जाते, मोठा कधी पोचतो, कधी चुकतो. पावसाळ्यात बोगद्याआधी उक्षीजवळ रानपाटचा धबधबा दिसतो, तेव्हा अख्खा डबा एका बाजूला येतो. अनोळखी माणसंसुद्धा माझ्या मुलांना खिडकीशी जागा करून देतात.

निवृत्त ट्रॅकमन, रत्नागिरी

ताईंनी करबुडे म्हटलं म्हणून लिहितो. त्याच भागात माझी पावसाळी गस्त असायची.

गस्त म्हणजे रात्रीचं चालणं. अंगावर रेनकोट, हातात बत्ती, सोबत झेंडे आणि डिटोनेटरचा डबा. डिटोनेटरला आम्ही फटाके म्हणतो. रुळावर दरड दिसली की स्टेशनला कळवायचं आणि गाडी येणार त्या दिशेने पळत सुटायचं. ठरलेल्या अंतरावर रुळाला फटाके बांधायचे. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक लावतो.

आपल्याकडे डोंगर कापून रूळ नेलाय, त्या कटिंगमध्ये वरती जांभा आणि खाली मऊ चिकण माती असते. पाऊस जांभ्यातून झिरपून खाली जातो, माती तेल लावल्यासारखी निसरडी होते आणि वरच्या दगडाचा आधार सुटतो. भिंतीतून स्वच्छ पाणी येत असेल तर आम्ही पुढे जायचो. गढूळ यायला लागलं की पाय थांबायचे.

ऑगस्टमधली एक रात्र सांगतो. पाऊस थोडा उघडला होता. एका कटिंगपाशी आलो आणि खडे पडल्याचा आवाज आला. टप्, मग थोड्या वेळाने टप् टप्. बत्ती वर धरली तर काहीच दिसेना. गटारातलं पाणी मात्र चहासारखं झालं होतं. मी कळवलं, गाडी मागच्या स्टेशनवर धरली. वीसेक मिनिटं मी तिथे उभा होतो. माझी चूक झाली असेल तर साहेब काय म्हणतील, हाच विचार डोक्यात. मग वरचा काठ सुटला. दोन दगड तर म्हशीएवढे, नेमके रुळावर. ते फोडून बाजूला करायला अडीच तास गेले. गाडी माझ्यासमोरून हळूहळू गेली तेव्हा खिडकीतल्या एकाने मला विचारलं, "काय हो, एवढा उशीर कशाला?" मी नुसता हात केला. त्याला काय सांगणार, गाडी चालती होती ना.

२००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ दगडांमुळे गाड्या घसरल्या, माणसं गेली. त्यानंतर उतारांवर खूप काम झालं. लोखंडी जाळ्या आल्या, सिमेंटचे थर आले, वाळ्याचं गवत लावलं, कारण त्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं ते यासाठीच. जोराच्या पावसात पुढचं दिसत नसेल तर ड्रायव्हर चाळीसच्या वेगाने गाडी नेतो. तेव्हा कृपा करून चिडू नका. पुढे कुणीतरी बत्ती घेऊन चालत असतो.

कॉलेजकुमार, कुडाळ

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी फक्त जागेचं सांगतो. मुंबईहून खाली येताना सह्याद्री डावीकडे राहतो. रत्नागिरी सोडल्यावर लगेच दारापाशी गर्दी करू नका, बसूनच बघा, पानवलचा पूल येतो. ६४ मीटर उंच आहे. खालची माडाची झाडं केरसुणीच्या काड्यांएवढी दिसतात.

ट्रकचालक, कोलाड

प्रवाशांचं झालं, आता आमचं. १९९९ पासून रो-रो आहे. मालाने भरलेला ट्रक कोलाडला वॅगनवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच. हायवेचं काम चालू असताना टायर आणि कंबर दोन्हींची वाट लागायची, तेव्हा या गाडीने आम्हाला जगवलं.

पहिल्यांदा चढलो तेव्हा स्टिअरिंगवर हात ठेवूनच बसलो होतो. ट्रक चालतोय, पण मी चालवत नाही, हे हाताला पटेना. खेडच्या पुढे हात सुटले. संध्याकाळी एका स्टेशनवर क्रॉसिंगला थांबलो, तिथल्या घरातून तव्यावर बांगडा टाकल्याचा वास आला. बावीस वर्षं याच मुलखातून ट्रक हाकला, पण घरातल्या जेवणाचा वास इतक्या जवळून कधी आला नव्हता. हायवेवर धाब्याचाच येतो. आता वरून विजेची तार गेली आहे, टपावर चढायचं नाही. नव्या पोरांना मी हे पहिलं सांगतो.

वय ६६, अलिबाग

धागाकर्त्याने बोलावलं म्हणून माथेरानचं लिहितो. १९७४ ची आमची शाळेची सहल. एसटीने नेरळ, आणि तिथे ते इंजिन उभं. फलाटावरच्या माणसाच्या मानाने बुटकं, पण धापा टाकणारं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याचं. दोन फुटी रूळ, विसाला एक असा चढ आणि हाताच्या कोपरासारखी वळणं. अशा वळणांत लांब इंजिन अडकेल, म्हणून त्याच्या कडेच्या चाकांचे आस थोडे बाजूला सरकतील असे बनवले होते. हे मला पुढे नोकरीत एका फिटरने समजावलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच दिसलं की आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याच खिडकीसमोरून उलट्या दिशेने जातंय.

डब्यांवर ब्रेकवाले असायचे. इंजिनाच्या शिटीवर ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे किंवा सोडायचे. आमच्या डब्यावरच्या माणसाचे तळहात मी पाहिले. लोखंडाच्या कडीचा आकारच त्यांत उमटलेला होता. वर माथेरानात राहणारी पोरं वळणावर उतरून पायवाटेने चढायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा गाडीत बसायची. गुरुजींनी मला सोडलं नाही, ते दुःख मला अजून आहे.

मध्ये वॉटर पाइप नावाचं स्टेशन आहे. तिथे इंजिन पाणी प्यायचं. ड्रायव्हरने आम्हा चौघांना जवळ बोलावलं. गरम तेल आणि भिजलेल्या राखेचा वास येत होता. पाणी भरून वर आलं, इंजिनाच्या अंगावरून ओघळलं आणि ओघळता ओघळताच वाफ होऊन गेलं. माझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला होता. ड्रायव्हरने स्वतःच्या डोक्याच्या फडक्याचं टोक ओलं करून तो काढला.

पीरभॉय कुटुंबाने स्वतःचे सोळा लाख घालून ही लाइन बांधली, १९०४ ते १९०७. ऐंशीच्या दशकात डिझेल इंजिनांनी कोळशाची जागा घेतली. त्या इंजिनांपैकी एक आता इंग्लंडमध्ये आहे म्हणतात, तिथे जपून ठेवलंय. छान झालं. पण ते पाणी प्यायचं ते आमच्या डोंगरातलं.

अलीकडे कुणी गेलं असेल तर वॉटर पाइपला आता काय आहे, ते लिहा.

वय २४, पनवेल

आजोबा, मी गेले होते. २६ जुलै २००५ च्या पावसात ही लाइन वाहून गेली होती, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने परत तोडली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये जोडली. पावसाळ्यात खालचा भाग बंद ठेवतात, तेव्हा वरच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतच फेऱ्या चालतात. म्हणून मी डिसेंबरात गेले. पहाटे नेरळच्या तिकीट खिडकीसमोर रांग लावली आणि शेवटच्या काही तिकिटांत मला जागा मिळाली.

गाडी डिझेलवर चालते. जुम्मापट्टीनंतर चढ जाणवायला लागला. तुम्ही म्हणता तसं इंजिन खिडकीसमोरून उलटं गेलं, तेव्हा डब्यातली सगळी मुलं एकदम ओरडली.

वॉटर पाइपला गाडी थोडीच मिनिटं थांबली. मी उतरले. शेडखाली एक मावशी लिंबूसरबत करत होत्या. इथे इंजिन पाणी प्यायचं का, असं विचारलं तर त्यांनी हातातला ओला चमचा तसाच वर करून झाडीकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "सासरे सांगायचे. तिकडून पाणी यायचं." मी त्या बाजूला गेले. नळ किंवा टाकी काही दिसलं नाही, पण दगडावरून बोटभर पाणी येत होतं, डिसेंबरातसुद्धा. हात धुतले, थोडं डोळ्यांना लावलं. शिटी झाली आणि मी पळत डब्यात चढले.